मोजपट्टी कुणाच्या हातात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं. बाई किंवा पुरुष असणं, आपलं शरीर आणि आपली राजकीय वागणूक यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे शोधण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त गावं देते.

कराडहून एक विद्यार्थिनी: ताई, मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख वाचल्यापासून हेच करावंसं वाटतंय. घरी म्हणतात, किडे-मुंग्या शिकणाऱ्या मुलीला निवडणुकीतलं काय कळणार? यात खरंच करिअर होतं का? सुरुवात कुठून करू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मिरजेला १९८५ साली बी.एस्सी. झाले तेव्हा माझ्या घरी हाच प्रश्न होता, फक्त शब्द जरा जास्त कडक होते. प्रात्यक्षिकात मला झुरळाची लाळग्रंथी अखंड काढता यायची. सुईच्या टोकानं, न फाडता, पाण्यात तरंगवत. त्या कौशल्याचा राज्यशास्त्राला काय उपयोग, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. पुढे परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काही महिने बसायची संधी मिळाली. तिथे माणसांची लाळ छोट्या नळ्यांत गोळा करत होते, कारण टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, लाळेतून मोजता येतात. सकाळी ती जास्त असतात आणि दिवस कलतो तशी उतरतात, म्हणून सगळ्यांचे नमुने एकाच वेळी घ्यायचे. आधी काही खायचं नाही, दातही घासायचे नाहीत, कारण हिरड्यांतून जरासं रक्त आलं तरी आकडा बिघडतो. ती सूचनांची यादी वाचताना मला जत तालुक्यातल्या बायका आठवल्या, उठल्या उठल्या मिश्री लावणाऱ्या. त्या यादीत मिश्री कुठेच नव्हती. यादी करणाऱ्यांनी अशी बाई पाहिलीच नव्हती. प्राणिशास्त्र शिकलेली आणि जतमध्ये फिरलेली, अशी दोन्ही असलेली बाई तिथे हवी, हे मला त्या दिवशी पटलं. तुझ्यासारखीची गरज नेमकी इथे आहे.

घरी इरावती कर्व्यांचं उदाहरण दे. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, मग मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्र, आणि त्यानंतर बर्लिनमध्ये मानवशास्त्र. दोनदा विषय बदलला. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑइगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. गोऱ्या युरोपियनांची कवटी उजवी-डावीकडे जास्त असमान असते आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्याही. वंशाचा आणि त्या असमानतेचा संबंध काही दिसला नाही. ज्यांच्या हातात आपली पदवी आहे त्यांच्याच समजुतीविरुद्ध जाणारा निष्कर्ष पंचविशीतल्या मराठी मुलीनं १९३० मध्ये लिहून दिला. फिशर यांचं शास्त्र पुढे नाझी राजवटीच्या उपयोगी पडलं. इरावतीबाईंनीही परत आल्यावर जातींची शारीरिक मोजमापं घेणं सोडलं नाही आणि त्यांच्या त्या कामावर आज टीका होते, ती वाचलीच पाहिजे. पण १४९ कवट्यांपुढे बसून जे दिसलं ते लिहिणं, हा आपल्या विषयाचा पाया आहे असं मी मानते.

आता व्यवहाराचं. बी.एस्सी.नंतर राज्यशास्त्राला एम.ए. करता येतं. प्रवेशाच्या अटी विद्यापीठागणिक बघून घे. सोबत संख्याशास्त्र शीक, खरंखुरं, हातानं गणितं सोडवून, आणि मग संगणकावर ‘आर’ ही आकडेमोडीची भाषा शीक. नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, राज्यशास्त्रातून दे. नेटला स्त्री अभ्यास हाही स्वतंत्र विषय आहे. पुणे विद्यापीठातलं स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून आहे, मुंबईत एसएनडीटीचं संशोधन केंद्र १९७४ पासून. निवडणुकांच्या वेळी ‘लोकनीती’ या मतदारांचा अभ्यास करणाऱ्या गटाच्या सर्वेक्षणांसाठी विद्यार्थी घरोघर फिरतात. एकदा तरी ते काम कर. राजकारण आणि जीवशास्त्र एकत्र घेणारं संशोधन-नियतकालिकही १९८२ पासून निघतंय, म्हणजे हा विषय काही परवा जन्मलेला नाही. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठात रोझ मॅक्डरमॉट यांनी यावर भरपूर काम केलंय. त्यांच्या गटाचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे. आक्रमकता मोजायची, पण कुणाला इजा तर करायची नाही. मग ज्यानं तुमचे पैसे काढून घेतले असं सांगितलंय त्याला किती तिखट सॉस खायला लावाल, हे मोजलं. एका ठरावीक जनुकाचा प्रकार असलेले पुरुष थोड्या चिथावणीला इतरांसारखेच वागले. जास्त पैसे गेले तेव्हा मात्र त्यांनी तिखट वाढवलं. जनुक एकटं काही करत नाही, समोर प्रसंग लागतो.

पैशांचं खरं सांगते. एम.ए.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा. त्यानंतरही मी बराच काळ तासिका तत्त्वावर शिकवलं आणि उन्हाळ्यात मानधन बंद. कायम जागा कमी आहेत आणि भरतीला वेळ लागतो. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळवलीस तर पीएच.डी.ची वर्षं निभतात, म्हणून पहिला जोर तिथे लाव.

श्रीरामपूरहून एक निवृत्त शिक्षक: बाई, फोनवर एक मजकूर फिरतो आहे. मासिक पाळीच्या चक्राप्रमाणे बायकांचं मत बदलतं, असं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणतात. नातीनं विचारलं, खरं का? मला उत्तर देता आलं नाही.

सर, नातीनं विचारलं तेव्हा काहीतरी ठोकून न देता तुम्ही मला विचारलंत, हेच फार चांगलं केलंत.

या मजकुराच्या मुळाशी खरा शोधनिबंध आहे. २०१२च्या ओबामा-रॉम्नी निवडणुकीच्या सुमारास तो गाजला आणि २०१३ मध्ये छापून आला. बीजोत्सर्गाच्या दिवसांत अविवाहित स्त्रिया ओबामांकडे झुकतात आणि विवाहित रॉम्नींकडे, असा त्याचा दावा. एका मोठ्या अमेरिकी वृत्तवाहिनीनं त्याची बातमी दिली, लोक खवळले, आणि त्यांनी ती संकेतस्थळावरून काढून टाकली. पण लोक खवळले म्हणून तो दावा खोटा ठरत नाही. तो पडला दुसऱ्या कारणानं. २०१४ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी पुन्हा स्त्रियांना विचारून पाहिलं, आणि राजकीय किंवा धार्मिक मतांवर असा परिणाम त्यांना सापडला नाही.

मूळ निबंधात एकाच बाईला महिनाभर पुन्हा पुन्हा विचारलेलं नव्हतं. वेगवेगळ्या बायकांना एकेकदा विचारून, चक्राच्या दिवसाप्रमाणे त्यांचे गट पाडले होते. एका बाईचं मत बदलतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. नातीला एवढं सांगितलंत तरी तिला पुरेल.

आणि तिला हेही सांगा की संप्रेरकं पुरुषांनाही असतात. ही बाजू फोनवर फिरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. २००८च्या अमेरिकी निवडणुकीच्या रात्री मतदारांची लाळ तपासली गेली. ज्यांचा उमेदवार हरला त्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन निकालानंतर घसरलं. जिंकलेल्यांचं टिकून राहिलं. स्त्रियांत असा फरक दिसला नाही. म्हणून पुरुषांचं मत संप्रेरकांवर चालतं असं कुणी म्हणालं का? नाही, आणि म्हणूही नये. शरीर निकालाला प्रतिसाद देतं, एवढंच त्यातून कळतं. पण हाच आकडा बायकांचा असता, तर त्याचं काय केलं असतं याचा विचार करा.

वाशीम जिल्ह्यातून एक ग्रामपंचायत सदस्य: मॅडम, मी राखीव जागेवर निवडून आले. मोठे दीर मीटिंगला सोबत येतात आणि तेच बोलतात. म्हणतात, चढाओढ बायकांच्या रक्तातच नसते. तुमच्या शास्त्रात असं आहे काय?

नाही ताई, असं नाही. आणि तुमच्या प्रश्नाला सगळ्यात नेमकं उत्तर आपल्याच देशातून मिळालंय.

मेघालयात खासी लोक आहेत. त्यांच्याकडे घराणं आईच्या नावानं चालतं आणि मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. टांझानियातले मसाई अगदी उलटे, सगळं बापाकडून मुलाकडे. तीन संशोधकांनी दोन्हीकडे एकच खेळ मांडला. तीन मीटरवर बादली ठेवायची आणि टेनिसचा चेंडू तिच्यात टाकायचा, दहा वेळा. खेळण्याआधी माणसानं ठरवायचं. एक पर्याय असा की जितके चेंडू पडतील तितक्यांचे ठरलेले पैसे घ्यायचे. दुसरा असा की पलीकडे खेळणाऱ्या, न दिसणाऱ्या माणसाशी पैज लावायची, जिंकलं तर तिप्पट आणि हरलं तर काहीच नाही. मसाईंत निम्म्या पुरुषांनी पैज घेतली आणि बायकांपैकी २६ टक्क्यांनी. खासींत ५४ टक्के बायकांनी आणि ३९ टक्के पुरुषांनी. खासी बाई मसाई पुरुषापेक्षाही थोडी पुढे. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. रक्तातच नसतं, तर खासी बायकांच्या रक्तात कुठून आलं, एवढंच दिरांना शांतपणे विचारा.

दुसरा आकडा आपल्या मतदानाचा. १९६२च्या लोकसभेला पुरुषांचं मतदान ६३ टक्क्यांच्या वर होतं आणि बायकांचं ४७च्याही खाली. २०१९ मध्ये पुरुष ६७.०१ आणि बायका ६७.१८. सोळा टक्क्यांहून मोठी तफावत आजीपासून नातीपर्यंत येताना मिटली. एवढ्या काळात माणसाचं शरीर बदलत नसतं. रस्ता झाला, शाळा झाली, मतदान केंद्र जवळ आलं, बाईच्या हातात थोडा पैसा आला.

तुमच्यासारख्या निवडून आलेल्या बायकांनी काय केलं, तेही मोजून झालंय. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये आला. सरपंचपद राखीव कुठे हे चिठ्ठीसारखंच ठरत होतं, म्हणून तुलना स्वच्छ करता आली. दोन्हीकडे गावातल्या बायकांची मोठी तक्रार पाण्याची होती, आणि दोन्हीकडे बाई प्रमुख झाल्यावर पाण्यावर जास्त खर्च झाला. रस्त्यांचं मात्र वेगळं. बंगालमध्ये बायका रस्ते मागत होत्या, तिथे रस्ते सुधारले. राजस्थानात बायकांच्या यादीत रस्ते खाली होते, तिथे ते मागे पडले. बाईच्या ‘स्वभावात’ रस्ता किंवा पाणी नसतं. हंडा कुणाच्या डोक्यावर आहे, त्यावर ते ठरतं. पुढे त्याच बंगालमध्ये असंही दिसलं की ज्या गावात दोन खेपा बाई प्रमुख होती, तिथल्या मुलींच्या शिक्षणाबद्दल आईबापांच्या आणि मुलींच्या अपेक्षा वाढल्या. तुम्ही खुर्चीवर बसलेल्या दिसता, एवढ्यानंही गावातल्या एखाद्या मुलीचं काही बदलतं. म्हणून खुर्चीवर तुम्हीच बसा, दीर नकोत.

आणि हे काही दूरचं नाही. १९८९ मध्ये, पंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या घटनादुरुस्तीच्याही आधी, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला शेतकरी संघटनेच्या बायकांनी सगळं पॅनेल स्वतःचं उभं केलं आणि ग्रामपंचायत चालवली.

तुम्ही विचारलं नाहीत, पण शरीर राजकारणात खरोखर कुठे येतं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या राज्यात १२ सप्टेंबर २००१ नंतर अपत्यांची संख्या दोनच्या पुढे गेली की ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. आटपाडीकडे मला एक सदस्य भेटली होती. दोन मुली होत्या. सासूला नातू हवा होता. तिसऱ्या खेपेला हिला कुणी विचारलं नव्हतं. मुलगा झाला, पेढे वाटले, आणि विरोधकांनी तक्रार केली तेव्हा पद हिचं गेलं. ‘माझं नाव बोर्डावरनं पुसलं,’ एवढंच ती म्हणाली, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. लोकसंख्या आटोक्यात आणण्याचा हेतू मला कळतो. पण जो निर्णय बाईच्या हातात नाही त्याची शिक्षा तिच्या पदाला देणं अन्याय आहे, असं मी जाहीरपणे म्हणते.

तुमचं एक काम मात्र लगेच करा. पुढच्या मीटिंगला इतिवृत्ताचं रजिस्टर स्वतःकडे मागून घ्या आणि तुमच्या वॉर्डाचा एक तरी ठराव तुमच्या नावानं, सूचक म्हणून, लिहून घ्या. दीर कितीही बोलले, तरी सूचक म्हणून त्यांचं नाव तिथे घालता येत नाही.

नागपूरहून एक वडील: आमच्या घरात तीन पिढ्या एकाच पक्षाला मत देतात. हे अनुवंशिक असतं का?

पक्ष अनुवंशिक नसतो. २००५ मध्ये अमेरिकेत एकसारख्या आणि वेगळ्या जुळ्यांची तुलना करून एक गाजलेला अभ्यास आला. फाशी, कर, शाळेतली प्रार्थना अशा विषयांवरच्या मतांत अनुवंशाचा वाटा त्यात दिसला. पण आपण अमुक पक्षाचे, ही ओळख मुख्यतः घरातल्या वळणातून येते असंच आढळलं. एकसारख्या जुळ्यांना लोक वागवतातही एकसारखंच, हा या पद्धतीवरचा मोठा आक्षेप आहे आणि मला तो वजनदार वाटतो. शिवाय वाटा म्हणजे नशीब नव्हे. एकाच पोत्यातलं मालदांडी ज्वारीचं बियाणं काळ्या रानात आणि मुरमाड माळावर पेरलंत, तर दोन रानांतला फरक बियाण्याचा नसतो. तुमच्या घरातली तिसरी पिढी कुणाला मत देते, ते तिलाच विचारा. कदाचित वेगळंच कळेल.

कोल्हापूरहून एक संशोधक विद्यार्थिनी: मॅडम, माझी पीएच.डी. स्त्री मतदारांवर आहे. दोन अडचणी आहेत. घरोघर गेलं की नवराच उत्तर देतो. आणि प्रबंधाचं एक प्रकरण सादर केल्यावर मला कळलं की संगणकात आकडे भरताना एका प्रश्नाचे संकेतांक उलटे पडलेत. काही जण म्हणतात, गप्प बस, कुणाला कळणार नाही. काय करू?

आधी दुसऱ्या अडचणीचं, कारण त्यानंच तुझी झोप उडाली असणार.

माझंही असं झालं होतं. जतमधल्या माझ्या सर्वेक्षणाचे फॉर्म दोन मुलींनी भरले. एकीनं पुरुषाला १ आणि बाईला २ लिहिलं, दुसरीनं उलट. मी दोन्ही गठ्ठे एकत्र करून तक्ता काढला, एका परिसंवादात वाचला, टाळ्याही मिळाल्या. महिन्याभरानं रात्री फॉर्म चाळताना ‘बाळंतपणासाठी माहेरी होते’ असं उत्तर देणाऱ्या माणसापुढे ‘पुरुष’ दिसलं. हात गार पडले. मीही सल्ला विचारला आणि मलाही ‘सोडून द्या’ असंच सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी आयोजकांना पत्र लिहिलं, दुरुस्त तक्ता सोबत जोडला. काहीही वाईट झालं नाही. त्यांनी पुस्तिकेत दुरुस्ती छापली.

हे मोठ्यांकडूनही होतं. स्वभाव आणि राजकीय मतं यांच्यावर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात निबंध आला. त्यात पुराणमतवादी आणि उदारमतवादी यांचे संकेतांक उलटे पडले होते, म्हणजे जो स्वभाव एकांचा सांगितला तो दुसऱ्यांचा निघाला. २०१६ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. २००८चा आणखी एक निबंध आहे. धमकीची चित्रं किंवा अचानक मोठा आवाज यांनी ज्यांचं शरीर जास्त दचकतं ते जास्त पुराणमतवादी, असं सांगणारा. पाठ्यपुस्तकांत गेला, मीही वर्गात शिकवला. त्यात माणसं होती ४६, सगळी नेब्रास्कातल्या लिंकन शहरातली. २०२० मध्ये जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तर तो संबंध आढळला नाही. मी त्यानंतर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना, ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते त्यांना, कळवलं की मी शिकवलेलं हे आता टिकत नाही.

म्हणून तू मार्गदर्शकांना लेखी कळव. चूक कुठे झाली, किती फॉर्मांत, दुरुस्त केल्यावर निष्कर्ष बदलतो का, एवढं एका पानात. तोंडी सांगू नकोस. मूळ फॉर्म जपून ठेव, एकही फेकू नकोस.

आता नवऱ्यांचं. घरात जाऊन बाईला एकटीला बोलायला लावणं अवघड, म्हणून आम्ही दोघी जायचो. एक जण नवऱ्याची मुलाखत ओसरीवर घ्यायची, सगळे प्रश्न, अगदी सावकाश. तेवढ्यात दुसरी आत चुलीपाशी. काही बायका घरी बोलायच्याच नाहीत, पण संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर रांगेत मोकळ्या बोलायच्या. तिथे कागद न काढता बोलायचं आणि फॉर्म भरायचा तर तिची परवानगी घेऊनच.

आणि पहिला प्रश्न तिच्या नावाचा विचार. प्रबंधात नाव येणार नाही, तरी विचार. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, देशातल्या जवळजवळ २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि असल्या नोंदी यादीत ठेवायच्या नाहीत यावर ते ठाम राहिले. पुढच्या निवडणुकांना त्यांतल्या बऱ्याच बायकांनी नावं दिली.

जतमध्ये एका म्हातारीनं मला पहिल्यांदा ‘सदाची आई’ असं लिहायला सांगितलं. मी पेन तसंच धरून थांबले. तिनं आत बघितलं, बाहेर बघितलं, आणि हळूच म्हणाली, ‘चंद्राबाई. बऱ्याच दिसांनी म्हटलं बघ.’ मग पुढचे सगळे प्रश्न तिनं स्वतःच रेटत नेले, सुनेलाही मध्ये बोलू दिलं नाही.

दुरुस्त तक्ता तयार झाला की या मासिकाच्या पत्त्यावर पाठव. मी वाचून, पेन्सिलीनं खुणा करून परत धाडते.